चार नंबरची पुडी

गेल्या महिन्यात पाचोऱ्याहून एक गृहस्थ पिंप्राळ्याला माझ्या घरी आले. चहा समोर ठेवला तर म्हणाले, "राहू द्या. आधी तुम्ही कोणाच्या बाजूचे ते कळू द्या, मग चहा."

त्यांच्या पुतण्यासाठी असोद्याची मुलगी पाहिली होती. मुलगी पसंत होती, पण कोणीतरी कानात घातलं की तिच्या आजीला धुळ्याकडच्या एका गावातून डाकीण ठरवून हाकललं होतं. ती विद्या आईकडून लेकीकडे उतरते, असं आमच्याकडे अजून मानतात. मुलीच्या आईनं त्यांना सांगितलं होतं, त्या दिवशी शेतकीचा एक साहेब तिथं हजर होता, त्याला विचारा.

"ते तुम्हीच ना, नाना?"

मी हो म्हणालो. एवढं म्हणायला मला चाळीस वर्षं लागली होती.

तेव्हा मी कृषी सहायक होतो. पेरणीआधी त्या गावात मी बाजरीचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाकून दाखवलं होतं. मारुतीच्या पारावर घमेलं, भोवती सगळं गाव. हलका, रोगट दाणा वर तरंगतो, भरलेला बुडतो. गर्दीत मागं एक भगत बसलेला होता. मला वाटलं, तोही शेतकरीच, शिकायला आला असेल.

पुढं पावसाळ्यात गावात दोन बैल मेले आणि एक लहान मूल दगावलं. मग त्याच भगताला बोलावलं. तो म्हणाला, प्रत्येक घरातून मूठभर बाजरी आणा. ज्या घरचा दाणा पाणी घेणार नाही, ते घर डाकिणीचं. पुड्यांवर नंबर टाकायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी परगावचा, माझी तिथं भाऊबंदकी नाही. पुड्या बियाण्याच्या नमुन्यासाठी मीच आणलेल्या होत्या. घमेलंही तेच.

चार नंबरची पुडी एका विधवा बाईची, म्हणजे या मुलीच्या आजीची. लहान लेकीला घेऊन ती दिराच्या घराला लागून राहायची. पुडी तिनं स्वतः आणली नाही. दिराचा मुलगा घेऊन आला. नंबर टाकताना पुडी हलकी लागली, कोपऱ्यातून पिठासारखा भुगा माझ्या बोटांवर सांडला. बाजरी किडलेली होती. आणि आठच दिवसांपूर्वी मी त्या बाईकडे भाकरी खाल्ली होती. तिची बाजरी उन्हाळी पिकाची, नवी होती, टपोरी होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तो दाणा वाटेत बदलला का? त्या मुलानं, दिरानं की भगतानं? का बाईनंच चांगलं धान्य जपून जुनं दिलं? आजही मी शपथेवर सांगू शकत नाही. एवढं सांगू शकतो की किडलेला दाणा पोकळ असतो, आणि पोकळ दाणा कोणाच्याही घरचा असो, तरंगतोच. हे त्या गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वी माझ्यासमोर त्यांनी माना डोलावल्या होत्या.

बाकी सगळ्या घरांचे दाणे बुडाले, चार नंबरचा वर आला. मग दीर म्हणाला, "बठ्ठास्ना दाना बुडनात, इनाच कसा वर उना?"

बाई माझ्याकडे वळली. "साहेब, तुमले ठाऊक शे ना? सांगा ना यास्ले."

मी हातातल्या पेनाचं टोपण लावत राहिलो.

तिला निरगुडीच्या फोकांनी मारलं. घराची कौलं उतरवली. संध्याकाळच्या एसटीनं ती लेकीला घेऊन गेली ती परत आली नाही. माझ्या त्या दिवसाच्या दैनंदिनीत मी लिहिलं, 'गावभेट. पीक परिस्थिती समाधानकारक.'

हे सगळं सांगून झाल्यावर मी स्वयंपाकघरातून डब्याच्या तळाची जुनी बाजरी आणली आणि पाण्याच्या पातेल्यात टाकली. निम्मी तरंगली. पाहुणे वाकून बघत राहिले.

"हे मलाही ठाऊक आहे," ते म्हणाले. "मी शेतकरी माणूस. पण मग तुम्ही तेव्हा का नाही बोललात? माराला भ्यालात?"

भ्यालो, असं सांगितलं असतं तर सुटलो असतो. ऐकणाऱ्यालाही तेच पटतं. पण खरं तसं नव्हतं. भाकरी खाल्ली त्या दिवशी माझी बायको आणि तान्ही मुलगी सोबत होती. बाईनं तिला मांडीवर घेतलं, गाल कुरवाळला, आणि दुसऱ्या दिवशी पोरीला ताप भरला. तो उतरता उतरेना. पुडीतला भुगा बोटांवर दिसत होता, त्याचं कारणही कळत होतं, तरी आत कोणीतरी विचारत होतं, आणि समजा खरंच असेल तर? सरकारी पगार घेऊन लोकांना बियाणं शिकवणारा मी, पारावर उभा राहून तिच्या डोळ्यांत डाकीण शोधत होतो. पोरीला हिवताप होता, हे धुळ्याच्या डॉक्टरांनी पारावरच्या त्या दिवसानंतर चार दिवसांनी सांगितलं. तोवर एसटी गेली होती.

पाहुण्यांनी पातेलं बाजूला सरकवलं. मग म्हणाले, "लिहून द्या. मी घरात बायकांसमोर वाचतो. आणि पोरीच्या तापाचं गाळू नका. ते गाळलं तर म्हणतील, मुलीकडच्यांनी म्हाताऱ्याला पढवलं."

मी समोरच बसून दोन पानं लिहिली, खाली सही केली. त्यांनी कागद उजेडाकडे धरून दोनदा वाचला.

"पुडीवरचा नंबर याच अक्षरातला?"

"याच."

घडी घालून कागद त्यांनी खिशात ठेवला. चहावर साय धरली होती. ती बोटानं बाजूला करून त्यांनी तो गार चहा पिऊन टाकला. मला कोणाच्या बाजूचा धरून प्यायले, हे मी विचारलं नाही.