पिक्चर पाहून रडणारा साहेब

बायांनो, आज मी साहेबाले रडताना पाह्यलं.

सरकारचा जिल्हा तोडून झाला, आता शाळा जोडून राह्यलं. आमची मराठी शाळा पलीकडच्या तेलुगू शाळेत घालाची का नाही, हे ठरवाले साहेब आला होता. पोट्टे कमी दिसले की कुलूप. म्हणून कापसाच्या ऐन वेचणीत आज आमी कोणी पोट्टे वावरात नेले नाही, अन् गुरुजीनं भिंतीवर पिक्चर लावला. मी बी पोट्ट्यांच्या मांगं बसली होती.

पिक्चरमधी शाळा बंद कराचा हुकूम येते अन् मास्तर एकटाच लढते. साहेबानं हळूच रुमाल काढला.

मी तोंड उघडाले गेली तं गुरुजी मले डोळ्यानं दटावून राह्यले. पण आमचे मालक गेल्यापासून माह्या तोंडाले लगाम नाही.

"साहेब, त्या शाळेसाठी रडता, मंग आमच्या शाळेनं काय घोडं मारलं?"

कोणी हसलं नाही. गुरुजीचं तोंड उतरलं.

साहेब म्हणे, "अम्मा, ऊपर से हुकुम है।"

"पिक्चरमधला साहेब बी असंच म्हणे."

साहेब रुमाल खिशात ठेवून गाडीत बसला.

आता मी शाळा वाचवली का बुडवली, सांगा बरं.