डोंगराकडची वरकस

चौलच्या अलीकडे आमची भातशेती रस्त्याला लागून आहे. मागे डोंगराच्या उतारावर बाबांची आणि काकांची थोडी थोडी वरकस, म्हणजे भात न पिकणारी हलकी जमीन. गवत, करवंदाच्या जाळ्या आणि कातळ, एवढंच तिथे होतं.

एका रविवारी सकाळी काका आले. "दादा, मुंबईची पार्टी हाय. आपली वरकस मागतेय. मी माझी दिली. तू पण देऊन टाक."

"आणि भाताचं शेत?" मी विचारलं.

"ते नको म्हणतात."

रस्त्यावरची जमीन सोडून कातळ कोण मागतं? मी काकांकडे पाहिलं. ते बशीतला चहा फुंकत होते, माझ्याकडे बघत नव्हते.

मी अलिबागला शाळेत शिकवते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कचेरीत जाऊन विकास आराखडा पाहिला. आमचं शेत हिरव्या रंगात, म्हणजे तिथे बांधकाम नाही. डोंगराचा उतार पिवळा, म्हणजे तिथे घरं होणार. त्या पिवळ्यातून एक नवा रस्ताही आखलेला.

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "काकांना हे सगळं माहीत होतं. मधे त्यांना काहीतरी मिळतंय."

बाबांनी जमीन दिली नाही. त्या वर्षी गणपतीत आम्ही काकांकडे गेलो नाही. तेही आले नाहीत.

दोन वर्षांत उतारावर बंगले उभे राहिले. तिकडे डांबरी रस्ता गेला, दिवे लागले, जाडजूड पाइप गेला. आमच्या आळीत नळ मात्र एक दिवसाआड, तोही अर्धा तास. एकाच गावात हे असं का, ते ग्रामपंचायतीत कोणी नीट सांगत नव्हतं. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवायचा.

मग एका उन्हाळ्यात काका दारात उभे राहिले, दोन्ही हातांत रिकामे हंडे. बंगल्यांच्या बोअरींनी त्यांची विहीर आटवली होती.

बाबांनी काही न विचारता आमच्या विहिरीच्या रहाटावर दोर टाकला. मला राहवलं नाही. "काका, तुम्हाला माहीत होतं ना?"

त्यांनी हंडे खाली ठेवले. "बाग करनार म्हनाले, पोरी. माहीत असतं तर माझ्याच विहिरीच्या वरच्या अंगाची जमीन मी दिली असती काय?"

मला एकदम लाज वाटली. दोन वर्षं मी त्यांच्या घरावरून मान फिरवून जात होते.

आता ते रोज सकाळी पाण्याला येतात, बाबांशी गप्पा मारतात, चहा घेतात. काकांवर माझा विश्वास बसला आहे. पण ती पार्टी त्यांच्याकडे कोणी आणली, हे विचारलं की ते म्हणतात, "आठवत न्हाय." गावात ज्याने ज्याने वरकस विकली, तो तो हेच सांगतो. इतक्या जणांना एकच माणूस कसा आठवत नाही?