घर कोणाला देणार?

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. वडील अंबरनाथच्या एमआयडीसीत कामगार आणि संघटनेचे कार्यकर्ते. छापून आलेले गठ्ठे आमच्या पलंगाखाली असायचे, घड्या घालायचं काम माझं. जगात जे काही बदलायचं ते कागदावर छापूनच बदलतं, यावर माझा पक्का विश्वास होता. म्हणून बदलापूरला घरांची एजंट असलेली आत्या भाड्याच्या घरांचे व्हिडिओ टाकायला लागली तेव्हा मी तोंडावर म्हटलं, "तू पण त्यातलीच झालीस."

त्यातली म्हणजे, मागे ढणढण संगीत, खोली दुप्पट दिसेल असा कॅमेरा आणि 'चला तर मित्रांनो'. बदलापूरचे निम्मे एजंट तेच करतात. आत्या हसली. "ये एकदा फोन धरायला. मग दे शिव्या."

गेले, आणि मग जातच राहिले.

घरात शिरली की ती आधी नळ सोडायची, पाणी बादलीत पडताना दाखवायची. खिडकीखाली नाला असेल तर सरळ सांगायची, "नाला आहे. वास येतो. पावसाळ्यात जास्त येतो. पण वारा बघा!" आणि शेवटी घरमालकाला उभं करून एकच प्रश्न विचारायची, "घर कोणाला देणार?"

एरवी याचं उत्तर मालक एजंटला फोनवर, आवाज खाली आणून देतात. "फॅमिली जरा चांगली बघा हं." चांगली म्हणजे काय, हे कोणी विचारत नाही. एजंट आडनाव ऐकतो आणि म्हणतो, "ते घर कालच गेलं." माझ्या लहानपणी आमच्यासाठी कितीतरी घरं अशी कालच गेलेली असायची. वडिलांनी त्यावर पत्रक काढलं होतं. जळजळीत, नेमकं. आजही मला पाठ आहे. पण ते वाचून कोणी आम्हाला किल्ली दिली नाही.

आत्याने वेगळाच नियम केला. अट असेल ती मालकाने कॅमेऱ्यासमोर, स्वतःच्या तोंडाने सांगायची, नाहीतर व्हिडिओ नाही. काही मालक रागावून दुसऱ्या एजंटकडे गेले. बाकीचे घसा साफ करून म्हणायचे, "कोणीही चालेल." सगळं गाव बघणार म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार!

खरवईच्या एका वन बीएचकेचे मालकही तसंच म्हणाले. कंपनीतून निवृत्त झालेले साहेब, त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारे. व्हिडिओ पाहून उल्हासनगरहून एक नर्स आली. तिच्या इमारतीचा स्लॅब खचला होता आणि सगळ्यांना घरं रिकामी करायला लावली होती. ती बहिणीकडे झोपत होती, नवरा मित्राकडे, मुलगी आजीकडे. तिने नळ स्वतः सोडून पाहिला, स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "मला हेच हवंय."

कागदपत्रांचं बोलायला आम्ही खाली मालकांच्या, म्हणजे या काकांच्या घरी बसलो. काकांनी आडनाव विचारलं. तिने सांगितलं.

"असं आहे," काका चष्मा पुसत म्हणाले, "आमचे नातेवाईक येणार आहेत राहायला. पुण्याचे."

माझ्या जिभेवर वडिलांचं अख्खं पत्रक आलं. आत्याने माझं मनगट दाबलं. "फोन धर."

मग काकांना म्हणाली, "हरकत नाही काका. फक्त व्हिडिओत तुम्ही कोणीही चालेल म्हणालात, लोक अजून फोन करतायत. कोण येणार आहे ते दोन वाक्यांत बोला, मी टाकते. लोकांचा हेलपाटा वाचेल." आवाजात टोमण्याचा लवलेशही नव्हता.

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या.

"पुण्याचे कोण हो? मला नाही बोललात ते. गाद्या उन्हात घालायला हव्यात."

त्यांना खरंच माहीत नव्हतं की काय, मला आजही कळलेलं नाही.

नर्सने पर्स उचलली. "राहू द्या ताई. मी बघते दुसरीकडे."

"थांबा," काका म्हणाले. "आधी तो फोन बंद करा."

मी हलले नाही. "कर बंद," आत्या म्हणाली. मी केला.

काकांनी चहाचा घोट घेतला. "नातेवाइकांचं बघू नंतर. अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट करू. पण एक, भिंतीला खिळे नाहीत. नवा रंग आहे."

"दोन लागतील," नर्स म्हणाली.

"कशाला?"

"दोन फोटो आहेत. घाईत खाली उतरले तेव्हा मुलगी एका हातात आणि ते दुसऱ्यात."

कोणाचे फोटो, हे त्या खोलीत सगळ्यांना कळलं. काकांनी कप बशीत ठेवला.

"ड्रिल वापरा," शेवटी म्हणाले. "हातोडीने प्लॅस्टर उडतं."

परतताना रिक्षात मी आत्यावर उखडले. "का बंद करायला लावलास? चांगला सापडला होता. सगळ्या बदलापूरला दाखवलं असतं!"

आत्या नर्सने दिलेले झेरॉक्स पिशवीत नीट ठेवत होती.

"दाखवलं असतंस," ती म्हणाली. "आणि उद्यापासून त्याच्याच डोक्यावर राहायचंय तिला. रोज जिन्यात भेटणार तो. तू असशील तिथे?"