सकाळी जांभळी, दुपारनंतर तांबडी

"डॉक्टर, तुमच्या काचा परत लाल निघाल्या म्हणं," असं म्हणून तात्यांनी फोन माझ्या हातात दिला. तात्या म्हणजे आमच्या भोसरीतल्या कोटिंग युनिटचे मालक. काचा पास झाल्या की त्या कंपनीच्या असतात, परत आल्या की माझ्या.

गिऱ्हाईक चाकणचं. गाडीच्या डॅशबोर्डवरच्या स्क्रीनची काच उन्हात चमकू नये म्हणून आम्ही तिच्यावर केसाहून कितीतरी पातळ थर चढवत होतो. तरी थोडा उजेड परत येतोच, आणि त्याला साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा रंग असतो. आमचा ठरलेला रंग जांभळा. पण एकाच ट्रेमधल्या काचा पहिली शिफ्ट जांभळ्या म्हणून पास करायची आणि दुसरी शिफ्ट तांबड्या म्हणून परत पाठवायची. पुढचा लॉट परत आला तर ऑर्डर दुसरीकडे जाणार होती. त्यात नवीन मशीन तात्यांनी माझ्या शब्दावर घेतलं होतं.

मी भौतिकशास्त्रातला पीएचडी, त्यामुळे साधं कारण सुचण्याचा प्रश्नच नव्हता. चाकणला जाऊन बघायचं सोडून मी केबिनमध्ये बसून सिद्धांत मांडला. दुपारी तिथली शेड तापते, थर कोरडे पडतात, म्हणून रंग सरकतो. त्यावर आलेखांसकट जाडजूड रिपोर्ट केला, थरांची जाडी थोडी वाढवली आणि नमुने पाठवले.

दुसऱ्या शिफ्टने पास केले. पहिल्या शिफ्टने निळे म्हणून परत केले.

"म्हंजे शिफ्ट तेवढी बदलली," तात्या म्हणाले. "रिपोर्ट मातूर झ्याक हाय."

मग मी निमूटपणे जाडी होती तशी केली आणि नव्या काचा घेऊन चाकणला गेलो. पहिल्या शिफ्टचे इन्स्पेक्टर जाधव. टेबलावर ट्यूबलाइटखाली काच आडवी ठेवून त्यांनी पाहिली. "ओके, सर. जांभळी." मलाही जांभळीच दिसली. मी तिथेच थांबलो. दुपारी दुसऱ्या शिफ्टच्या वाघमारेताई आल्या. तेच टेबल, तीच काच.

"तांबडी," त्या म्हणाल्या.

"ताई, नीट बघा. मी इथे उभा राहून बघतोय, चक्क जांभळी आहे."

"मला तांबडीच दिसायलीय, सर. खोटं कशाला बोलू?"

आता यांना प्रकाशशास्त्र समजावून सांगावं लागणार, असं मनाशी म्हणत मी त्यांच्या खुर्चीत बसलो. "हे बघा, ही जी जांभळी..." एवढं बोललो आणि पुन्हा काचेकडे पाहिलं. काच तांबडी होती. मी उठलो, जांभळी झाली. बसलो, तांबडी. ताई माझी ही उठाबशी शांतपणे बघत होत्या.

जाधव उभ्याने काम करायचे, ताई बसून. बसल्यावर नजर काचेवर तिरकी पडते, आणि तिरकं पाहिलं की कोटिंगचा रंग बदलतो. हे मला माहीत नसतं तर एक वेळ चाललं असतं. माझी पीएचडी सरफेस प्लाझमॉनवरची. धातूच्या पातळ थरावर उजेड एका ठरावीक कोनातूनच टाकला, तर तो परत न येता थरातच जिरतो, तो हा प्रकार. तो कोन गाठण्यासाठी मी उमेदीची वर्षं एक प्रिझम तसूतसूनं फिरवण्यात घालवली होती. तिथल्या तिथे कुठेतरी तोंड लपवावंसं वाटलं.

तिथल्या क्वालिटी मॅनेजरांनी लगेच उपाय काढला. "ती खुर्ची उचला."

"मंग मी आठ तास उभं राहू का?" ताई म्हणाल्या.

खुर्ची माझ्यामुळे जावी हे मला पटेना. मी काळेवाडीच्या एका सुताराकडून दुकानातल्या मुनीमजींच्या डेस्कसारखा उतरता पाट करून घेतला. काच त्यावर ठेवली की बसल्या जागी सरळ दिसते. जाधवांनाही खुर्ची मिळाली. लॉट दोन्ही शिफ्टमध्ये पास झाला, ऑर्डर टिकली.

मशीनला हात लावण्याआधी, बघणारा कुठून बघतोय ते बघून यावं. एवढंच शिकलो. काचेच्या ड्रॉइंगवर आता कायमची सूचना छापलेली असते: "उतरत्या पाटावर ठेवून, बसून तपासावी." माझ्या सगळ्या शोधनिबंधांना मिळून जेवढे वाचक लाभले नाहीत, तेवढे या एका ओळीला रोज लाभतात, आणि ते तिच्याप्रमाणे वागतातही.