चर कोरडा, खाचर भरलेले

पाणी खरे बोलते. त्याला कुणी अडवले, किती वेळ थांबवले, कुठून वाट दिली, हे सारे ते आपल्या अंगावर वागवते आणि विचारणाऱ्याला निमूट सांगते. विचारणाऱ्याला मात्र पायांत चिखल घेऊन यावे लागते. अठ्ठावीस वर्षे असा चिखल पायांत घेऊन हिंडलेल्या एका बाईची ही कथा आहे. भात पिकवणारी माणसे तिला वीतबाई म्हणत. कारण तिच्या हातात सदैव बांबूची एक काठी असे आणि त्या काठीवर वीतभर अंतरावर तांब्याच्या तारेचा एकेक वेढा असे.

वीतबाईंचे काम काय? पूर आवरण्यासाठी कुणी बांध घालतो, कुणी चर खणतो, कुणी दरवाजे बसवतो. सारे करून माणसे निघून गेली, की मागून वीतबाई येत. या खटाटोपाने भाताचे भले झाले का, हे तपासून त्या शेरा लिहीत. त्यांचा प्रश्न एकच असे: पाणी किती तास थांबलं? भाताचे रोप पाण्यात वाढते खरे, पण पाण्याच्या वर डोके काढून वाढते. डोके बुडाले, की ते श्वास रोखून धरते. दोन दिवस धरते, तीन दिवस धरते. त्यानंतर ते हळूहळू सडू लागते. त्या तीन दिवसांवर लक्ष ठेवणे, हीच वीतबाईंची नोकरी, हेच त्यांचे व्रत आणि हाच त्यांचा जप.

कचेरी बियाण्यांच्या गोदामावर, दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्याला पोत्यांचा वास. टेबलाचा खण गुडघ्याने धक्का दिल्याशिवाय उघडत नसे. त्या सकाळी खण उघडून वीतबाईंनी एक जाड अहवाल बाहेर काढला होता. चार वर्षांपूर्वी खणलेला मोठा चर त्यांनीच तपासला होता आणि 'काम यशस्वी' असा शेरा त्यांनीच दिला होता. आता त्याच नमुन्याचे चर आणखी बारा गावांत खणायचे होते. सगळ्या सह्या झाल्या होत्या. उरली होती वीतबाईंची. परवा बैठक होती.

एवढ्यात दारात एक काकू उभी राहिली. लुगड्याचा काठ पोटरीपर्यंत ओला, काखेत ओल्या फडक्यात बांधलेली रोपे.

"वीतबाई त्या तुम्हीच ना?"

"मीच. बसा, काकू."

"बसायला नाही आले. तुमच्या कागदात आमचं पाणी किती दिवसांत जातं?"

वीतबाईंनी चराच्या दरवाजावर नेमलेल्या माणसाची नोंदवही पाहिली. नुकत्याच येऊन गेलेल्या पुराची ताजी नोंद होती. "दोन दिवसांत. चर चार दिवसांपासून कोरडा आहे."

काकूने फडके सोडले आणि सारी रोपे अहवालावर आडवी टाकली. पाणी कागदात झिरपू लागले. "आज सहावा दिवस. आमचं खाचर कालपर्यंत तुडुंब होतं, आजही आहे. चर कोरडा असेल तर मग ही मुळं काय चरातल्या बेडकांना फुटली?"

वीतबाईंनी एक काडी उचलली. जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेरापेराशी, पांढरी कोवळी मुळे बाहेर आली होती. रोप बराच काळ बुडून राहिले, की ते असे अधांतरीच मुळे सोडते. वीतबाईंनी खालून पेरे मोजली. एक, दोन, तीन. तिन्ही पेरांना मुळे. नोंदवही दोन दिवस म्हणत होती आणि रोप जे म्हणत होते ते त्यांच्या हातात होते.

"यापूर्वी तक्रार का नाही केलीत?"

"केली की! तीनदा केली. तिन्ही वेळा हेच उत्तर आलं, की चर कोरडा आहे. चराला काय होतंय हो? आम्हाला विचारा!"

वीतबाईंनी काठी घेतली, चपला काढून पिशवीत टाकल्या आणि म्हणाल्या, "चला."

तो चर खरोखर देखणा होता. सरळ, रुंद, तळाशी वाळत चाललेला गाळ आणि दोन्ही बाजूंना छातीएवढे उंच, हिरव्यागार गवताचे काठ. वीतबाई काठावर चढल्या. एका बाजूला खाली पाहिले: चर कोरडा. दुसऱ्या बाजूला खाली पाहिले: खाचरात काठोकाठ पाणी आणि पाण्यावर पिवळ्या पडलेल्या पात्यांची टोके. मध्ये फक्त हा काठ. त्यांनी काठी खाचरात रोवली. सव्वादोन वीत.

"हा काठ कशाचा?" त्यांनी विचारले, पण विचारतानाच उत्तर त्यांना ठाऊक झाले होते.

"चरातून उपसलेल्या गाळाचा. वरच्या गावांत तो रस्त्याला नेला, आमच्याकडे इथंच टाकला. आधी प्रत्येक खाचराला चरात उतरायला तोंड होतं. ती तोंडं ह्याच्याखाली गेली."

"मग फोडला का नाही?"

काकूने फक्त बोट दाखवले. काठावर लोखंडी पाटी होती, खाली मोठ्या साहेबांचे नाव: 'काठ फोडणाऱ्यावर कारवाई होईल.'

वीतबाई त्या पाटीपुढे उभ्या राहिल्या. हे वाक्य कुठून आले, ते त्यांना आठवले. 'चराचे काठ उत्तम राखले असून ते तसेच अभंग ठेवावेत.' अहवालाचे सतरावे पान. अक्षर त्यांचे, सही त्यांची. चार वर्षांपूर्वी त्या चराच्या कडेने चालल्या होत्या, चरात काठी रोवली होती, चरातले पाणी उतरताना पाहिले होते आणि आनंदल्या होत्या. चर लवकर का कोरडा होतो, हे त्यांनी विचारले नव्हते. खाचरांचे पाणी त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हते. मग तो कोरडा होणार नाही तर काय? ज्या बाईने आयुष्यभर भाताची चौकशी केली, तिने त्या एका वर्षी चराची चौकशी केली आणि घरी गेली.

"काकू," त्या म्हणाल्या, "ही पाटी माझी आहे."

"नाव तर साहेबांचं आहे."

"शब्द माझे आहेत. चूकही माझी."

काकूने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "बरं," ती म्हणाली, "मग काढा तुम्हीच."

संध्याकाळी घरी शिवणयंत्र चालू होते. वीतबाईंचे यजमान शिंपी. एका खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. गळ्यात फीत, कानामागे खडू. वीतबाईंनी पाय धुतले आणि सगळी हकिकत सांगितली. यंत्र थांबले.

"अगं, माझ्याकडे एक गिऱ्हाईक यायचं," ते म्हणाले. "माप घेताना पोट आत ओढून उभं राहायचं. मी त्या मापानं सदरा शिवला. तो घरी जाऊन जेवला आणि तीन बटणं उडाली. मला म्हणाला, शिंपी वाईट."

"मग काय केलंत?"

"उसवला. दुसरं काय करणार? शिवण माझी होती." त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुला आता भीती कसली वाटते?"

"भीती नाही वाटत. अठ्ठावीस वर्षांत माझा एकही शेरा मागे आला नाही, त्याची सवय झाली होती."

"ती सवय माझ्या सदऱ्यांना कधीच लागली नाही बघ," ते म्हणाले. दोघेही हसले. त्या हसण्याने मनावरचे मळभ निघून गेले. त्या रात्री वीतबाईंना गाढ झोप लागली.

बैठकीची खोली लांबट, खिडक्यांना जाड पडदे. मोठे साहेब मध्यभागी. वीतबाईंनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या: अहवाल आणि तीन पेरांना मुळे फुटलेली काडी. मग सतरावे पान उघडले, आपलेच वाक्य स्पष्ट आवाजात वाचले आणि पेन घेऊन त्यावर आडवी रेघ मारली.



"बाई, स्वतःच्याच शेऱ्यावर स्वतः काट मारताय?" साहेब म्हणाले. "बाहेर लोक हसतील."

"हसू द्या, साहेब. पोटभर हसू द्या. पण बारा गावांत ही चूक खणू नका."

"तुमच्या एका काडीवर मी बारा गावांचं काम थांबवू?"

"थांबवू नका, सुधारा. चर हवाच आहे. चर चांगला आहे. फक्त त्याच्या काठात प्रत्येक शिवाराला पाणी जायला एक मोरी हवी. मोरीला चराच्या बाजूनं झडप, म्हणजे चर भरला की ती मिटेल आणि चर उतरला की खाचराचं पाणी तिला ढकलून बाहेर पडेल. आधी जुन्या चरावर चार मोऱ्या बसवून बघा. पुढचा पूर आला की मी दोन काठ्या रोवीन: एक चरात, एक खाचरात. खाचर तीन दिवसांत उतरलं नाही, तर हा जुना शेरा मी माझ्या हातानं पुन्हा लिहीन आणि त्यानंतर कधी शेरा लिहिणार नाही."

साहेबांनी काडी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पेरे पाहिली. भात न पिकवणाऱ्या माणसालाही ती मुळे दिसत होती. "नोंदवही खोटी होती म्हणता?"

"खरी होती. आपण तिला चुकीचं विचारलं."

साहेबांनी काडी अहवालावर ठेवली. मग म्हणाले, "चार मोऱ्या. पूर येईपर्यंत बारा गावांची फाईल माझ्याकडे राहील."

मोऱ्या बसल्या. पाटी वीतबाईंनी स्वतः उपटली. खिळे गंजले होते, तेव्हा काकूने पहार आणून दिली आणि वर दोन शब्दही ऐकवले. बुडून गेलेल्या जागी काकूने शेजारणीकडची उरलेली रोपे लावली. पाचव्या आठवड्यात नदी पुन्हा फुगली. चर भरला, खाचर भरले, झडपा मिटल्या. वीतबाईंनी दोन काठ्या रोवल्या आणि दिवसातून चार वेळा वाचल्या. दुसऱ्या दुपारी चर उतरू लागला आणि पहिली झडप थरथरली. आतून पाण्याने तिला खांदा दिला. झडप उघडली आणि खाचराचे तपकिरी पाणी खळाळत, हुंदडत, घाई करत चरात उतरले. त्या वेळी वीतबाईंनी हात जोडले. देवाने दिलेल्या पाण्याला त्याची वाट परत मिळाली होती आणि त्या वाटेत पूर्वी आडवा घातलेला त्यांचा हात आता बाजूला झाला होता.

छप्पन्न तास. खाचरातल्या काठीवर पाणी छप्पन्न तासांत दुसऱ्या वेढ्याच्या खाली आले. पात्यांची डोकी वर आली.

आठव्या दिवशी काकू पुन्हा जिना चढली. या वेळी काखेत एकच काडी. ती तिने टेबलावर ठेवली.

"घ्या. शोधा मुळं."

वीतबाईंनी काडी उजेडात धरली आणि खालून पेरे मोजली. एक, दोन, तीन. तिन्ही स्वच्छ.

"नाही सापडत," त्या म्हणाल्या.

"बघा हो नीट. तुमची सवय आहे न बघता लिहायची."

वीतबाई खळखळून हसल्या. त्यांनी गुडघ्याने खण उघडला, पेन काढले आणि बारा गावांच्या नव्या अहवालावर शेरा लिहिला: 'काठात मोऱ्या असल्यास काम करावे. पाणी खाचरात मोजावे.' खाली सही केली. मग ती काडी आणि ती जुनी, मुळे फुटलेली काडी, दोन्ही दोऱ्याने अहवालाला बांधल्या आणि त्यांच्यावर चिठ्ठी लावली: जोडपत्र एक, जोडपत्र दोन.

"काकू, ह्याच्यावर तुमचाही अंगठा हवा."

"अंगठा कशाला? मला सही येते," काकू म्हणाली, आणि पेन त्यांच्या हातातून ओढून घेतले.