तानाबाईने सोडलेली गाठ

सांगोल्याच्या तानाबाईने जन्मभर मेंढरं राखली. सोलापुरात नोकरी करणाऱ्या लेकीच्या, पूनमच्या हट्टाने ती हिमनदीवर चालायला आली. वाटाड्याने स्वतःच्या, पूनमच्या आणि तिच्या कमरेला एकच दोर बांधला, तशी ती भडकली.

"एक मेंढरू हिरीत पडलं की मागची बी उड्या घेत्यात. अन् तुमी बांधून नेताय व्हय?"

वाटाड्या पुढे वळताच तिने आपली गाठ गुपचूप सोडली आणि दोर नुसता मुठीत धरला.

थोड्याच वेळात बर्फ खचला. पूनम छातीपर्यंत भेगेत गेली. दोर सरसरत निघाला, हातमोजे फाटून तानाबाईचे तळवे सोलले, पण तिने टाचा रोवून तो धरला. वाटाड्याने पूनमला वर ओढलं.

तानाबाईने दोराचं टोक त्याच्यापुढे धरलं.

"आवळून बांध. लेक पडली तर एकली नगं पडाया."