सिद्राम प्रोफेशनल होतो

सात रस्त्याजवळच्या आमच्या बॉक्सिंग हॉलात चार जण जमले, की कुणीतरी म्हणतंच, "सिद्रामचं ते आठवतंय का?" झालं, सराव बाजूला! सिद्राम आज प्रोफेशनल बॉक्सर आहे. मी त्याचा सरावातला जोडीदार, म्हणजे त्याचे ठोसे खाऊन मोठा झालेला माणूस. ठोसे विसरलो, किस्से मात्र साचत गेले.

*

गावाकडं दुधनीच्या बाजारात पोती उचलून सिद्रामचे खांदे तयार झालेले. पहिल्याच दिवशी आमच्या पवार सरांनी टांगलेली पंचिंग बॅग दाखवली. "चल, बघू तुझी ताकद!"

सिद्रामनं बॅगेला मिठी मारली, हुकातून काढली, खांद्यावर घेतली आणि विचारलं, "कुटं ठेवू, सर?"

*

लढतीत सर रिंगच्या कोपऱ्यातून मराठीत ओरडायचे, ते समोरच्यालाही कळायचं. म्हणून त्यांनी सिद्रामच्या घरची कन्नड शिकायला घेतली. जिल्हा स्पर्धेत ऐटीत ओरडले, "एडक्के होडी!" म्हणजे, डावीकडं मार.

समोरच्यानं झटकन तीच बाजू झाकली आणि तोंडातलं गार्ड सांभाळत म्हणाला, "सर, मी अक्कलकोटचा हाय की!"

*

राष्ट्रीय स्पर्धेत तीनदा सेमीफायनलला हरल्यावर सिद्रामनं प्रोफेशनल व्हायचं ठरवलं. आईला सांगायचा धीर होईना, म्हणून मला सोबत नेलं. ती भाकरीचं पीठ मळत होती.

"प्रोफेशनल म्हंजे काय रं?"

"आता लढायचे पैसे मिळनार, आई."

तिचे हात थांबले. "म्हंजे इतकी वर्सं फुकट मार खाल्लास व्हय?"

*

पहिली परदेशी लढत ठरली बुडापेस्टला. व्हिसाच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "कशासाठी जाताय?"

सिद्रामला खोटं बोलायची सवय नाही. "एका मानसाला मारायला, सर!"

बाहेर बसलेल्या पवार सरांना आत बोलावलं गेलं. अर्धा तास समजावत होते बिचारे!

*

तो 'एक माणूस' म्हणजे बुडापेस्टचाच एक हंगेरियन. सिद्रामसारखाच आधी हौशी, मग प्रोफेशनल झालेला. जिंकणाऱ्याला पुढची मोठी लढत मिळणार होती. आम्ही सगळे हॉलात एका मोबाइलमध्ये डोकी घालून बसलो.

पाचव्या राउंडला सिद्राम पडला. उठला. सहाव्या, शेवटच्या राउंडला त्यानं हंगेरियनला पार दोरांपर्यंत रेटलं. आम्ही तर नाचायलाच लागलो! पण रेफ्रीनं हात वर केला तो हंगेरियनचा. एका पॉइंटनं लढत गेली. कुणी कुणाकडं बघेना.

आठवड्यानं सिद्राम दुधनीला आला. मीही गेलो. डोळ्याखाली काळंनिळं, मान खाली. आईनं जखम नीट बघून घेतली.

"त्या पोराची आई आलती व्हय बघायला?"

"आलती की. पुढच्याच रांगेत होती."

आईनं भाकरीचं ताट त्याच्या पुढ्यात सरकवलं.

"मग बरं झालं, तूच हरलास ते."